गळती कुठली, आवाज कुठला : आग्रा रोडवरच्या जुन्या पिकअपचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानात इंजिन ऑइल कुठून शिरलं? खालून शिरलं, असंच म्हणावं लागेल. बाळकुम नाक्यावरून कशेळीच्या पुलाकडे चालत निघालात, तर रस्त्याच्या कडेची माती काही ठिकाणी काळीभोर दिसते. घट्ट झालेली, चकाकणारी, पावसातही न भिजणारी. तिथे कधी ना कधी गॅरेज होतं, किंवा आजही आहे. पन्नास-साठ वर्षं गाड्यांनी थेंब थेंब ऑइल गाळलं, त्याची ही माती. कागदपत्रं शोधत अभिलेखागारात जावं लागतं, हा कागद मात्र रस्त्यावरच पडलेला आहे.

आम्हाला पडलेला प्रश्न साधा आहे. जुनी पिकअप गॅरेजसमोर येऊन थांबते. मिस्त्री हात पुसत बाहेर येतो, बॉनेट उघडायच्याही आधी अर्धा मिनिट नुसता उभा राहतो, आणि म्हणतो, "बेअरिंग नाय, नोझल हाय." हे त्याला कसं कळतं? आणि मुख्य म्हणजे, हे कळणं कधीपासून सुरू झालं? त्याला आपण 'अनुभव' म्हणतो आणि विषय संपवतो. आमचं म्हणणं असं की हा अनुभव ठरावीक काळात, ठरावीक कारणांनी घडला. ती कारणं निघून गेली तसं ते ऐकणंही कमी होत चाललंय. गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांच्यावर घरं चालतात. म्हणून हा विषय.

आधी रस्ता. मुंबईहून निघालेला जुना आग्रा रोड ठाण्यातून कापूरबावडी, बाळकुम करत कशेळीला खाडी ओलांडतो आणि भिवंडीत शिरतो. माजिवड्याहून साकेत, खारेगाव, मानकोली हा वळणरस्ता होईपर्यंत नाशिककडची सगळी अवजड वाहतूक बाळकुमवरूनच जायची. भिवंडीचं कापड, खाडीतली रेती, विटा, मीठ, भाजी, सगळं. बायपास झाला, मोठे ट्रक तिकडे वळले. पण तोवर कशेळी, काल्हेर, पूर्णा, दापोडे या पट्ट्यात गोदामं उभी राहिली. गोदामाचं गणित असं की माल मोठ्या गाडीतून येतो आणि छोट्या गाडीतून जातो. ट्रक गेले, पिकअप आल्या. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तिची पहिली वसाहत म्हणजे आपली वागळे इस्टेट. तिथली छोटी-मोठी कारखानदारी, घोडबंदर-कोलशेतचे कारखाने, यांचा किरकोळ मालही याच गाड्यांवर.

या सगळ्या गाड्यांना आपल्याकडे एकच शब्द आहे, टेम्पो. हे मुळात कंपनीचं नाव. जर्मनीत हॅम्बर्गजवळ विडाल आणि मुलगा यांची 'टेम्पो' नावाची वाहनं बनायची. त्यांच्या सहकार्यानं १९५८ साली फिरोदियांची बजाज टेम्पो सुरू झाली, आधी गोरेगावला, पुढे पुण्याजवळ आकुर्डीला. तीनचाकी हॅन्सीट आली, १९६९ पासून मॅटाडोर आली. जर्मनीतली टेम्पो कंपनी केव्हाच मिटली, पण आजही महिंद्राची पिकअप असो की टाटाची, बाळकुममध्ये माणूस म्हणतो, "टेम्पो लावलाय गोदामाला." पुढे २००५ साली टाटा एस आली, तिला लोकांनी छोटा हत्ती म्हटलं. नाव ठेवण्यात आपण कंपन्यांचं ऐकत नाही, हे बरंच आहे.

आता इंजिनं. इथे थोडं रेंगाळावं लागेल, कारण मिस्त्रीच्या कानाची खरी शाळा इथे आहे.

१९२८ मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या बनवायला सुरुवात केली. फोर्डही होतीच. स्वातंत्र्यानंतर सरकारनं सांगितलं, नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथे बनवा. १९५३-५४ च्या सुमारास दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. उरले ते मोजके कारखाने. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांची प्रीमियर, तिच्या डॉज-फार्गो ट्रकमध्ये पर्किन्सचं पी-६ इंजिन असायचं. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा आणि डाइमलर-बेन्झ. आणि मुंबईत महिंद्रा, विलिस जीपवाले. जीपला पेट्रोलचं हरिकेन इंजिन होतं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोलवर धंद्याची गाडी चालवणं परवडेना, आणि जीपच्या, पिकअपच्या नाकाखाली डिझेल इंजिन बसवायची घाई झाली.

ती डिझेल इंजिनं दोन घरांतून आली. एक ट्रॅक्टरचं घर. १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्रा आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली होती, १९७७ मध्ये ती महिंद्रात विलीन झाली. तिच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन जीपमध्ये आलं. गॅरेजमध्ये त्याला अजून 'इंटरनॅशनल' म्हणतात. दुसरं घर फ्रेंच. १९७९ मध्ये महिंद्रानं पुजो कंपनीशी करार केला आणि एक्सडीपी ४.९० हे इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागलं. म्हणजे बघा, इंजिन बनलं इगतपुरीला आणि कसाऱ्याचा घाट उतरून याच आग्रा रोडनं दुरुस्तीला आलं बाळकुमला.

त्या नावातले आकडे उगीच नाहीत. ४ म्हणजे चार सिलिंडर, ९० म्हणजे बोअर नव्वद मिलिमीटर. टाटाचंही तसंच. १९८६ च्या ४०७ मधलं ४९७ इंजिन म्हणजे चार सिलिंडर, ९७ चा बोअर. १९८८ च्या टाटा मोबाइल २०६ पिकअपमधलं ४८३ म्हणजे चार सिलिंडर, ८३ चा बोअर. मिस्त्रीला नाव ऐकलं की पिस्टनचं माप कळायचं.

याहून गमतीचा आकडा महिंद्राच्या डीआय इंजिनाचा. ते २५२३ सीसीचं. हे असलं तिरपागडं माप कुठून आलं? बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६. इंचात करून बघा : साडेतीन इंच आणि बरोब्बर चार इंच. इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर इंजिनाचं जे इंग्रजी माप होतं, तेच. मेट्रिक पद्धत आली, नावं बदलली, तोंडावर टर्बो आला, पुढे कॉमन रेल आली, तरी भोक साडेतीन इंचाचंच राहिलं. बोलेरो पिकअपच्या पोटात साठच्या दशकातला ट्रॅक्टर बसलेला आहे, असं आम्ही म्हणतो तेव्हा ती अतिशयोक्ती नसते.

आता याचा ऐकण्याशी संबंध काय? एकाच घराण्याची इंजिनं, फारसा बदल न होता, वीस-वीस तीस-तीस वर्षं बनत राहिली. परवाना राज्याला आपण पुष्कळ नावं ठेवतो, आणि ग्राहक म्हणून ठेवायलाच हवीत, नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा, की रस्त्याकडेच्या मिस्त्रीपुढे आयुष्यभरात तीच पाच-सहा इंजिनं हजारो वेळा आली. निरोगी एक्सडीपी कशी वाजते हे त्याला पाठ होतं. गवयाच्या शिष्याला षड्ज पाठ व्हावा तसं. आजारी आवाज ओळखायला आधी निरोगी आवाज इतका ऐकलेला असावा लागतो. युरोपात दर चार-पाच वर्षांनी मॉडेल बदलायचं, तिथल्या मेकॅनिकला कंपनीचं पुस्तक उघडावं लागे. आपल्याकडे पुस्तक इंग्रजीत होतं आणि गॅरेजमध्ये बहुधा नव्हतंच.

भाषेची गंमत इथूनच सुरू होते. गॅरेजमधले भागांचे शब्द बघा : टॅपेट, क्रँक, पिस्टन, नोझल, चेंबर, ब्रीदर. सगळे इंग्रजी, थोडे आपल्या वळणाचे. गॅस्केट म्हणजे पॅकिंग, तळाचं ऑइलचं भांडं म्हणजे चेंबर, डिझेल पंप म्हणजे मायको, कारण १९५१ मध्ये बंगळूरला निघालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे, म्हणजे मायकोचे, पंप बॉशच्या तंत्रानं बनायचे आणि दुसरं काही सहसा दिसायचं नाही. भागांची नावं परकी. पण आजारांची? टिकटिक, टकटक, खडखड, घरघर, चिरचिर, किरकिर, ठोका, शिटी. एकही परका नाही. अवयव विलायती आणि दुखणं देशी!

आणि हे शब्द ढिले नाहीत. टिकटिक म्हटलं की टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी मोकळीक वाढलेली. टकटक जरा जड, ती नोझलची किंवा पिस्टनची. ठोका म्हणजे खालून, क्रँककडून, पोटातून येणारा. घरघर बेअरिंगची, वॉटर पंपाची किंवा ऑल्टरनेटरची. चिरचिर पट्ट्याची. गिअरबॉक्सचं रडणं वेगळं, त्याला रडणंच म्हणतात. मराठीत आवाजाची नक्कल करणारे शब्द मुबलक आहेत हे शाळेत सांगतात, त्यांचा असा रोजच्या कामातला उपयोग मात्र सांगत नाहीत. गाडीमालक फोनवर नुसतं "खडखडतंय" न म्हणता "वरून टिकटिक येते" म्हणाला, तर निम्मं निदान तिथेच होतं.

आता गळती. आमच्या घरचीच गोष्ट सांगतो.

आमच्या काकांकडे १९९४ ची पिकअप होती, पुजो इंजिनाची. कल्याणच्या बाजार समितीतून पहाटे भाजी भरायची आणि ठाण्यात पोचवायची, हा धंदा. एका पावसाळ्याअखेरीस गाडीखाली थेंब दिसू लागले, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या बेल हाउसिंगच्या खाली. एका गॅरेजनं बघितलं आणि सांगितलं, क्रँकचं मागचं सील गेलं. या सीलचं दुखणं असं की ते स्वस्त असतं आणि त्याच्यापर्यंत पोचणं महाग. गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा, तेव्हा ते दिसतं. चार दिवस गाडी उभी. दिवस गणपतीचे, भाजीचा भाव चढलेला, आणि काकांनी दुसऱ्याची गाडी भाड्यानं घेऊन गिऱ्हाईकं सांभाळली. नवीन सील बसलं. तिसऱ्या दिवशी गाडीखाली पुन्हा थेंब.

मग बाळकुमच्या एका वयस्कर मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. डिझेल आणि ब्रश घेऊन इंजिन धुतलं, पुसून कोरडं केलं, आणि पोराला पाठवून अंगाला लावायची पावडर मागवली. साधी टाल्कम. ती इंजिनच्या मागच्या अंगावर फुंकली. "कशेळीच्या पुलापर्यंत जाऊन या," म्हणाले. परत आल्यावर पांढऱ्या पावडरीवर एक काळी रेघ उमटली होती, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून निघून ब्लॉकच्या पाठीवरून थेट बेल हाउसिंगपर्यंत. वरचं बुचाच्या लाकडाचं पॅकिंग कडक होऊन तडकलं होतं. ते बदलायला अर्धा तास लागला. खर्च चहा-वड्याच्या हिशोबातला.

थेंब पडतो तिथे गळती नसते. ऑइल खाली उतरतं, आणि गाडी चालताना पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून शोधायचं ते सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं ओलं ठिकाण. पहिल्या गॅरेजची लबाडी होती असं आम्ही म्हणत नाही. तिथे थेंबाच्या वर लगेच जे होतं त्यावर बोट ठेवलं गेलं. माणसाची सहज वृत्ती तीच.

आणि मागच्या सीलवर संशय घ्यायला ऐतिहासिक कारणही आहे. जुन्या इंजिनांत तिथे सील नसायचंच, दोर असायचा. अ‍ॅस्बेस्टॉसचा, ग्रॅफाइट लावलेला दोर ऑइलमध्ये भिजवून हातोड्याच्या दांड्यानं खाचेत ठोकून बसवायचा. तो थोडा झिरपायचाच, आणि थोडं झिरपणं निरोगीपणाचं मानलं जायचं. जुने मिस्त्री अजून म्हणतात, "गळत नसेल तर समजा ऑइल संपलं." ओठाचं सील नंतरचं. जर्मनीत फ्रॉइडेनबर्ग ही मुळात कातडी कमावणारी कंपनी, तिनं १९३० च्या दशकात चामड्याचा ओठ असलेलं सील बाजारात आणलं, आणि मग रबराचं. आजही सील बसवताना मिस्त्री म्हणतो, "ओठ आत." त्या ओठाला क्रँक वर्षानुवर्षं घासते आणि पोलादावर चरा पडतो. अशा चऱ्यावर नवीन सील बसवून उपयोग होत नाही, ते मिलिमीटरभर पुढे-मागे बसवावं लागतं. हे कुठल्या पुस्तकातून आलं म्हणाल, तर फसलेल्या कामातून आलं.

गळतीचं दुसरं मोठं घराणं म्हणजे ज्याला गॅरेजमध्ये 'बॅक कम्प्रेशन' म्हणतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेला वायू खाली चेंबरमध्ये उतरतो, आत दाब वाढतो, आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडू बघतं. मग मालक म्हणतो, "सगळीकडूनच गळतंय." सील बदलावं तर दुसऱ्या सीलमधून येतं. याची परीक्षा फुकट आहे : चालू इंजिनचं ऑइल भरायचं झाकण ढिलं करून बघा. भकाभक धूर फेकत असेल तर सीलवर पैसे घालू नका, रिंगांचं बघा. पण, आणि हा पण महत्त्वाचा, त्याआधी ब्रीदरची नळी बघा. तीच काजळीनं तुंबली असेल तर निरोगी इंजिनसुद्धा तसंच वागतं. नळी साफ करायला पैसे लागत नाहीत. इंजिन उघडायला महिन्याची कमाई जाते. डिझेल गाडीत आणखी एक चोर असतो. डिझेल इंजिनात ब्रेकसाठी लागणारी पोकळी आपोआप तयार होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, पुष्कळ गाड्यांत तो ऑल्टरनेटरच्या मागे. त्याला ऑइल नेणारी बारीक नळी पाझरते आणि आळ इंजिनवर येतो.

आवाजाकडे वळू. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरनं कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. आपल्या मिस्त्रीचा स्टेथोस्कोप म्हणजे लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनवर, मूठ कानामागच्या हाडावर. तत्त्व तेच. टोक हेडवर, मग ब्लॉकवर, मग चेंबरच्या कडेला. आवाज जिथे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतो तिथे घर.

दुसरी खूण लयीची. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरते. इंजिन संथ, मिनिटाला साडेसातशे फेऱ्यांवर चालत असेल तर क्रँक सेकंदाला साधारण साडेबारा वेळा फिरते, आणि एका व्हॉल्व्हची टिकटिक सेकंदाला सहाच्या आसपास. सहा आणि बाराचा फरक कानाला कळतो. तबल्याच्या ठेक्यात मात्रा दुप्पट झाली तर न शिकलेल्यालाही कळते ना, तसंच. तिसरी खूण तापमानाची. थंड इंजिनात येऊन गरम झाल्यावर मावळणारा आवाज बहुधा ढिल्या पिस्टनचा, कारण धातू फुगून जागा भरून काढतो. उलट गरम झाल्यावर वाढणारा ठोका बेअरिंगचा, कारण ऑइल पातळ होतं. तो आला की गाडी थांबवायची, टेकडी चढायला घ्यायची नाही. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर इंजिन सोडून द्या, क्लच-गिअरबॉक्सकडे बघा. पट्टा काढून दोन मिनिटं चालवल्यावर आवाज गेला तर पंप किंवा ऑल्टरनेटर.

सगळ्यात महाग चूक होते ती नोझल आणि बेअरिंग यांच्यात. नोझल अडकली, डिझेल फवारण्याऐवजी टपकायला लागलं, तर सिलिंडरमध्ये अवेळी भडका होतो आणि असा कडक ठोका येतो की वाटतं कनेक्टिंग रॉड आता बाहेर येणार. कित्येक इंजिनं यापायी विनाकारण उघडली गेली. यावरची परीक्षा अशी : चालू इंजिनात एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल बंद. ठोका गेला किंवा बदलला तर दोषी तोच सिलिंडर. मग तिथली नोझल शेजारच्या सिलिंडरमध्ये बसवून बघायची. ठोका नोझलबरोबर सरकला तर नोझल, जागेवर राहिला तर खालचं काम. यात काय काय आहे बघा : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, अदलाबदल करून पडताळायचं, स्वस्त संशय आधी तपासायचा. प्रयोगशाळेची शिस्त, फक्त पांढरा कोट नाही.

याच ज्ञानाची काळी बाजूही नोंदवली पाहिजे. ज्याला आवाज ओळखता येतो त्याला तो लपवताही येतो. जुनी गाडी विकायच्या आदल्या दिवशी जाड ऑइल भरायचं, ठोका दबतो. गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा टाकायचा, रडणं थांबतं. घेणारा खूश होऊन जातो आणि पंधरा दिवसांनी रडत येतो. म्हणून जाणकार गिऱ्हाईक सकाळी, इंजिन थंड असताना गाडी बघायला जातं. बॉनेटला हात लावून आधीच गरम लागलं तर चहा पिऊन परत.

आणि शिकणं कसं व्हायचं, त्याचंही फार गोड चित्र काढायला नको. सरकारी कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. आयटीआयमधून मुलं बाहेर पडत होती. पण आग्रा रोडवरचा मिस्त्री बहुतेकदा दहा-बाराव्या वर्षी 'छोटू' म्हणून आलेला. पाने धुवायचे, चहा आणायचा, चुकीचा पाना दिला की टपली खायची. त्याला कुणी काही शिकवलं नाही, त्यानं ऐकलं. शाळेत असायला हवं होतं त्या वयात. याच धंद्यात तीस-चाळीस वर्षं काढलेल्या कित्येकांना आज मोठ्यानं बोलावं लागतं. ज्या कानांवर सगळं चाललं तेच इंजिनच्या आवाजानं गेले. या ज्ञानाची किंमत कुणी मोजली, हे विसरून त्याचं कौतुक करू नये.

मग बदललं काय? प्रदूषणाचे नियम. बीएस-४ देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला, बीएस-६ १ एप्रिल २०२० ला. त्यांच्यासाठी डिझेल इंजिनात कॉमन रेल आली, इंजेक्शन संगणकाच्या हाती गेलं. मुख्य फवाऱ्याआधी एक चिमूटभर फवारा मारतात, त्यामुळे डिझेलचा तो जुना टणत्कारच मऊ झाला. कान टेकायला खडबडीत पृष्ठभागच उरला नाही म्हणा ना. हवा स्वच्छ व्हायला हे हवंच होतं, बाळकुमच्या मुलांनाही फुप्फुसं आहेत. पण एक धोका फारसं कुणी बोलत नाही. मघाशी सांगितलेली पाइप ढिला करायची परीक्षा कॉमन रेलवर करायची नाही. कधीच नाही. ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार हवा असते, कॉमन रेलच्या पाइपात डिझेल हजार बारच्या पुढे असतं. ती धार कातडी फोडून हातात शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते. एका पिढीत जी रोजची सवय होती, ती पुढच्या पिढीत जीवावर बेतते. तेच घराणं, तोच साडेतीन इंचाचा बोअर, वरून दिसायलाही सारखंच. म्हणून नावातलं 'सीआर' वाचायला छोटूला आधी शिकवा.

नव्या गाडीला स्कॅनर लावतात. तो सेन्सरचं सांगतो, पण तडकलेल्या पॅकिंगचं सांगत नाही. तिथे अजून पावडरच. जुन्या गाड्यांवर दडपणही वाढलंय. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावी लागते, आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फी बरीच चढली. मोठ्या मालकाला यानं काही होत नाही, तो गाडी बदलतो. एकाच गाडीवर घर चालवणाऱ्याला मात्र ठरवावं लागतं की हा थेंब, हा आवाज, दोनशे रुपयांचा आहे की साठ हजारांचा. ते ठरवून देणारा माणूस नाक्यावर असणं आणि नसणं, यात त्याच्या वर्षाचा फरक पडतो.

वेळ झाली. एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तो घेतो आणि थांबतो. "माझी १९९९ ची पिकअप रात्रीत दोन-तीन थेंब टाकते. गॅरेजवाला हाफ इंजिन काम सांगतो. काय करू?" गाडी न बघता आम्ही काय सांगणार, आणि आम्ही मिस्त्रीही नाही. पण तुमच्या प्रश्नात धूर नाही, ठोका नाही, ऑइल किती उतरतं हेही नाही. नुसत्या थेंबांवर इंजिन उघडायचं कारण दिसत नाही. आज रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, आणि पुठ्ठ्यावर पुढचं चाक कुठे आहे ते खुणेनं लिहून ठेवा. सकाळी थेंबाला बोट लावून वास घ्या. गंधकासारखा उग्र आला तर ते गिअर ऑइल, इंजिनचा काही दोष नाही. इंजिन ऑइल असेल तर रविवारी इंजिन धुवा, ब्रीदरची नळी काढून फुंकून बघा, आणि घरात टाल्कम पावडर असेलच.